ओळख मागणारी देवांची मुले : ग्रीक-रोमन पुराणकथांवरील कुमार-कादंबऱ्यांविषयी

निळी शाई (धागालेखक)

सूचना : पुढील मजकुरात रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेतील पाचही कादंबऱ्यांचे शेवट उघड झाले आहेत. ज्यांना त्या अजून वाचायच्या आहेत, त्यांनी कृपया वाचून झाल्यावर या धाग्यावर यावे.

ग्रीक आणि रोमन पुराणकथांवर बेतलेल्या कुमारवयीन वाचकांच्या साहसकादंबऱ्यांचा विषय निघाला, की चर्चा बहुधा राक्षसांपाशी घुटमळते. मिनोटॉर कोणत्या प्रकरणात आला, मेड्युसाचे रूप कसे बदलले, हायड्राला किती डोकी दाखवली, असे मुद्दे पुन्हा पुन्हा येतात. मला या कादंबऱ्या दुसऱ्यांदा वाचताना वेगळीच गोष्ट लक्षात आली आणि ती इथे मांडावीशी वाटते. "मी कोणाचे मूल आहे, आणि ज्याचे आहे तो मला आपले म्हणेल का," हा प्रश्न या साहित्याचा कणा आहे, आणि तो थेट मूळ कथांमधून आलेला आहे.

थीसियसचीच कथा पाहा. अथेन्सचा राजा ईजियस ट्रोझेन येथे एका अवजड शिळेखाली आपली तलवार आणि पादत्राणे ठेवून निघून जातो. मुलगा ती शिळा उचलण्याइतका मोठा झाला, तर त्याने त्या खुणा घेऊन आपल्याकडे यावे, एवढाच निरोप तो मागे ठेवतो. म्हणजे पित्याकडे जाण्याचा हक्क जन्माने मिळत नाही, तो सिद्ध करावा लागतो. दुसऱ्या परंपरेनुसार थीसियस पोसायडनचा पुत्र आहे. इसवी सनपूर्व ५व्या शतकातील कवी बॅकिलिडीस याच्या एका गीतात क्रीटकडे जाणाऱ्या जहाजावर राजा मिनॉस त्याला आव्हान देतो, समुद्रात सोन्याची अंगठी फेकतो आणि म्हणतो, की तू खरोखर समुद्रदेवाचा मुलगा असशील तर ती घेऊन ये. थीसियस उडी घेतो. समुद्राच्या तळाशी पोसायडनची पत्नी ॲम्फिट्रिटी त्याला जांभळे वस्त्र आणि पुष्पमाला देते आणि तो न भिजता जहाजापाशी वर येतो.

आता २००५ साली आलेल्या पहिल्या पर्सी जॅक्सन कादंबरीतील प्रसंग आठवा. झेंडा पळवण्याच्या खेळात जखमी झालेला नायक पर्सी ओढ्यात उभा राहतो, पाण्याने त्याच्या जखमा भरून येतात आणि त्याच्या डोक्यावर त्रिशूळाची आकृती झळकते. समुद्रदेवाने आपल्या मुलाला ओळख दिली ती पाण्यातूनच, आणि तीही इतर मुले पाहत असताना. लेखकाने बॅकिलिडीसचे गीत समोर ठेवून हा प्रसंग लिहिला असा माझा दावा नाही, परंतु दोन्हींची घडण एकच आहे.

ज्या मुलांना अशी ओळख मिळत नाही, त्यांचे काय होते, हे दाखवण्यात मला या मालिकेचे खरे यश वाटते. अर्धदेवांच्या, म्हणजे देव आणि मर्त्य माणूस यांच्या मुलांच्या, शिबिरात प्रत्येक ऑलिंपियन देवतेच्या नावाने एक निवास आहे. ज्यांच्या पालकाने अजून त्यांना आपले म्हटलेले नाही, ती सगळी मुले हर्मीसच्या निवासात दाटीवाटीने राहतात, कारण हर्मीस हा वाटसरूंचा देव असल्याने तो कोणालाही आश्रय देतो. जमिनीवर अंथरुणे टाकून झोपणारी ती मुले हेरा आणि आर्टेमिस यांचे रिकामे निवास रोज पाहत असतात. मालिकेतील पुढचे देवांविरुद्धचे सगळे युद्ध त्या दाटीवाटीच्या खोलीतून सुरू होते, असे मी म्हणेन.

म्हणूनच २००९ साली आलेल्या पाचव्या कादंबरीचा शेवट मला इतका योग्य वाटतो. देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि त्याऐवजी वचन मागतो, की प्रत्येक अर्धदेव मुलाला तेराव्या वर्षापर्यंत त्याच्या पालकाने ओळख द्यावी आणि धाकट्या देवतांच्या मुलांनाही शिबिरात स्वतःचा निवास मिळावा. अमरत्व नाकारणारा नायक होमरनेही रंगवला आहे. कॅलिप्सो या अप्सरेने देऊ केलेले अमरत्व सोडून ऑडिसियस तराफ्यावर बसतो, परंतु तो स्वतःच्या घरी परतण्यासाठी. पर्सी ते सोडतो इतरांच्या मुलांसाठी.

या मताशी सहमत नसलेल्यांचे विचार वाचायला मला विशेष आवडेल.

दीपस्तंभ

धागा आवडला. तुमच्या यादीत टेलेमॅकसचे नाव यायला हवे होते. 'ओडिसी'चे पहिले चार सर्ग त्याच्या शोधाचेच आहेत आणि पहिल्या सर्गात, वेषांतर करून आलेल्या अथीना देवीपाशी तो जे बोलतो त्यात तुमचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. आई म्हणते की मी ऑडिसियसचा मुलगा आहे, मला स्वतःला ते ठाऊक नाही, कारण आपला जन्म कोणापासून झाला हे कोणालाच स्वतःहून कळत नसते, अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या काव्यातील हे वाक्य आजच्या कोणत्याही कुमार-कादंबरीतील नायकाच्या तोंडी जसेच्या तसे शोभेल.

तरीही एका मुद्द्यावर मी वेगळे मत मांडतो. तुम्ही या गोष्टींना पित्याने केलेले दुर्लक्ष समजता. मला त्यांच्या मुळाशी पित्याची भीती दिसते, आणि त्या भीतीचे नाव भविष्यवाणी. नातवाच्या हातून मरण येईल हे कळताच अर्गोसचा राजा ॲक्रिसियस आपल्या मुलीला, डॅनाईला, कोंडतो आणि पुढे तिला तान्ह्या पर्सियससह पेटीत घालून समुद्रात सोडतो. लेयस आपल्या तान्ह्या इडिपसला डोंगरावर टाकायला लावतो. देवांच्या घरातही तेच चालते. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या काव्यात क्रोनोस स्वतःची मुले गिळतो, कारण त्यांच्यापैकी एक आपल्याला पदच्युत करील हे त्याला सांगितले गेले आहे. त्याचा मुलगा झ्यूस आपल्या पत्नीला, मेटिसला, गिळतो तोही त्याच कारणाने. थेटिस या समुद्रदेवतेला होणारा मुलगा पित्याहून थोर निघेल, हे कळल्यावर मोठे देव तिच्यापासून दूर राहतात आणि तिचा विवाह पिलियस या मर्त्य माणसाशी लावून देतात.

मालिकेतील महाभविष्यवाणी याच सूत्रात बसते. तीन प्रमुख देवांपैकी एकाचे मूल सोळाव्या वर्षी ऑलिंपस वाचवील किंवा बुडवील, हे कळल्यानंतर ते तिघे दुसऱ्या महायुद्धानंतर स्टिक्स नदीच्या नावाने शपथ घेतात, की यापुढे मर्त्यांपासून मुले होऊ द्यायची नाहीत. पोसायडन पर्सीपासून बारा वर्षे दूर राहिला तो त्याला विसरला म्हणून नव्हे. त्या मुलाचे अस्तित्व हाच त्याच्या शपथभंगाचा पुरावा होता.

निळी शाई

दीपस्तंभ, भीतीचा मुद्दा मान्य आहे आणि त्यामुळे माझे म्हणणे अधिक नेमके होते. फक्त हर्मीसच्या बाबतीत तो पुरेसा ठरत नाही. त्याच्या मुलांविषयी कोणतीही महाभविष्यवाणी नव्हती. तरीही त्याचा मुलगा ल्यूक नऊ वर्षांचा असताना घर सोडून पळाला आणि पिता त्याच्या पाठीशी उभा राहिला नाही. तिथे दुर्लक्ष आहेच.

ओवी

ल्यूकविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझ्या दृष्टीने या पाच कादंबऱ्यांतील सर्वांत ग्रीक पात्र तोच आहे.

देवांविरुद्ध उठलेला क्रोनोस ल्यूकला का हवासा वाटतो, हे नीट पाहायला हवे. क्रोनोसने आईच्या सांगण्यावरून विळा हाती घेतला आणि आपल्या पित्यावर, युरेनसवर, वार केला. म्हणजे पित्यावर शस्त्र उचलणारा तो पहिलाच मुलगा. पुढे तोच आपल्या मुलांना गिळणारा पिता झाला. ल्यूक पित्यावरच्या रागाने ज्याच्याकडे जातो, तो जगातील सर्वांत वाईट पिता आहे, आणि कादंबरी हे कुठेही समजावून सांगत बसत नाही. ल्यूकचे शरीर क्रोनोसच्या ताब्यात जाते, तेव्हा मुले गिळण्याची ती जुनी कथा पुन्हा घडते. या वेळी बाप मुलाला आतून गिळतो.

त्याचा शेवट ज्या सुऱ्याने होतो, तो त्याने स्वतः ॲनाबेथला, शिबिरातील दुसऱ्या अर्धदेव मुलीला, ती सात वर्षांची असताना दिला होता, आणि देताना आपण एकमेकांचे कुटुंब आहोत असे वचन दिले होते. पित्याने न दिलेली ओळख त्या मुलांनी एकमेकांना दिली होती. ते वचन आठवल्यावरच तो क्षणभर स्वतःच्या ताब्यात येतो. हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे आणि दरवेळी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावे लागते.

पारिजात

ओवी यांचा प्रतिसाद वाचताना कर्ण आठवला नाही असा मराठी वाचक विरळा. सूर्याचा मुलगा, सारथ्याच्या घरी वाढलेला, आणि भर रंगमंडपात कुळ विचारले गेल्यावर मान खाली घालून उभा राहिलेला.

रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस'मधील फेथॉनही सूर्याचाच मुलगा आहे. त्याचा सोबती एपॅफस त्याला हिणवतो, की आई सांगते त्यावर तू खुळ्यासारखा विश्वास ठेवतोस. तो अपमान सहन न होऊन फेथॉन पूर्वेला सूर्याच्या प्रासादात जातो. पिता त्याला जवळ घेतो, स्टिक्सच्या नावाने शपथ घेऊन हवे ते माग म्हणतो, आणि मुलगा पुरावा म्हणून एका दिवसासाठी रथ मागतो. घोडे आवरत नाहीत, पृथ्वी होरपळते, ज्युपिटरला (रोमनांच्या झ्यूसला) वज्र टाकावे लागते आणि मुलगा जळत एरिडॅनस नदीत कोसळतो. त्याच्या बहिणींची झाडे होतात आणि त्यांच्या अश्रूंचा अंबर होतो. २००७ सालच्या तिसऱ्या कादंबरीत सूर्याचे वाहन बसचे रूप घेते आणि झ्यूसची मुलगी थेलिया ते चालवताना भेदरून जाते, हा प्रसंग हलकाफुलका आहे, पण त्याच्या मागे ही कथा उभी आहे.

कर्ण आणि ल्यूक यांच्यात मात्र मोठा फरक आहे. कर्णाला युद्धापूर्वी सत्य कळते आणि तरीही तो ज्याने आपल्याला मान दिला त्याच्या बाजूला राहतो. त्याच्या निष्ठेत द्वेष नाही. ल्यूक ज्याच्या बाजूला जातो, त्याने त्याला मान दिलेला नाही, फक्त त्याच्या रागाचा वापर केला आहे.

जुनी वही

मी विरोधी बाजू मांडणार आहे आणि ती मनापासून मांडत आहे.

मूळ कथांमध्ये पिता सापडतो तेव्हा बहुधा अनर्थ होतो. फेथॉनचे पारिजात यांनी लिहिलेच आहे. थीसियस पित्याला भेटला, परंतु क्रीटहून परतताना काळी शिडे बदलायला विसरला आणि ईजियसने ती पाहून प्राण दिला. त्याची दुसरी ओळख, पोसायडनचा पुत्र ही, त्याहून भयंकर ठरली. इसवी सनपूर्व ४२८ मध्ये रंगमंचावर आलेल्या युरिपिडीसच्या 'हिपोलिटस'मध्ये थीसियस, खोट्या आरोपावर विश्वास ठेवून, आपल्या पित्याने दिलेल्या वराचा उपयोग स्वतःच्या निरपराध मुलाला मारण्यासाठी करतो. समुद्रातून बैल उसळतो, घोडे उधळतात आणि हिपोलिटस फरफटत जातो. ज्या समुद्राने थीसियसला पुत्र म्हणून स्वीकारले, त्याच समुद्राने त्याचा पुत्र नेला. ऑडिसियसच्या बाबतीतही प्राचीन परंपरा सांगते, की त्याला सर्सी या जादूगारणीपासून झालेला मुलगा टेलेगोनस पित्याच्या शोधात निघाला आणि न ओळखता त्यानेच पित्याला मारले.

आता या कादंबऱ्यांत काय होते? देव हे चुकलेले, व्यग्र, थोडेसे लाजिरवाणे पालक होतात. त्यांना समजावता येते, त्यांच्याकडून वचन घेता येते. कथा वाचनीय होते, पण देवत्वाची दहशत निघून जाते. ग्रीक देवांशी करार करता येतो, हे ऐकून सोफोक्लीस किंवा युरिपिडीस हे नाटककार अवाक झाले असते. तेरा वर्षांची मुदत ठरवून देणे हा न्याय आहे, पण ती शोकांतिका नाही.

निळी शाई

जुनी वही, तुमचा प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे आणि मी त्यावर दोन दिवस विचार करून लिहीत आहे.

दहशत कमी झाली, हे खरे आहे. पण ती का कमी झाली, याचाही विचार व्हावा. रायर्डन शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या मुलाला वाचनातील अडचणीमुळे (डिस्लेक्सिया) आणि लक्ष एकाग्र होत नसल्यामुळे शाळा जड जात होती. त्याला रात्री सांगितलेल्या गोष्टींतून ही मालिका जन्माला आली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणूनच मालिकेतील मुलांना अक्षरे नाचताना दिसतात, कारण त्यांचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे, आणि त्यांना एका जागी बसवत नाही, कारण रणांगणावर तीच अस्वस्थता जीव वाचवते. ही एका पित्याने आपल्या मुलाला दिलेली ओळख आहे. शिळेखालच्या तलवारीची वाट न पाहता आधीच दिलेली. अशा गोष्टीचा शेवट हिपोलिटससारखा होऊ शकत नव्हता. तुम्ही याला उणीव म्हणा, मी त्याला लेखकाने जाणीवपूर्वक बदललेला शेवट म्हणेन.

ओवी

आईचाही उल्लेख व्हावा. पर्सियसच्या कथेत राजा पॉलिडेक्टीस डॅनाईच्या मागे लागतो, मुलाला दूर करण्यासाठी मेड्युसाचे मस्तक आणायला पाठवतो, आणि परतलेला पर्सियस तेच मस्तक दाखवून त्याला दगड करतो. पहिल्या कादंबरीत पर्सीच्या आईला छळणारा तिचा नवरा आहे आणि मेड्युसाचे मस्तकही घरी पोहोचले आहे. पर्सी ते वापरत नाही. निर्णय तो आईवर सोपवतो आणि त्या नवऱ्याचा दगड आईच करते. मुलगा आईची सुटका करतो ही कथा किती सहजपणे, आई स्वतःची सुटका करते, अशी वळली! मेड्युसाबाबत मात्र मला समाधान नाही. हेसिओडकडे ती तीन बहिणींपैकी एकटी मर्त्य अशी गॉर्गन आहे. ओव्हिडकडे ती अथीनाच्या मंदिरात समुद्रदेवाच्या अत्याचाराला बळी पडलेली आणि वर शिक्षाही भोगणारी स्त्री आहे. समुद्रदेवाच्या मुलाने तिचे मस्तक उडवताना कादंबरीने या गोष्टीपाशी थोडे अधिक थांबायला हवे होते.

मध्यान्ह

सगळे ग्रीसमध्येच रमले आहेत, म्हणून रोमविषयी लिहितो.

२०१० ते २०१४ या काळात आलेल्या पाच कादंबऱ्यांच्या दुसऱ्या मालिकेत रोमन अर्धदेवांचे शिबिर येते. त्यांची सेना म्हणजे बारावी लिजन (रोमन सैन्याची मोठी तुकडी), 'फुल्मिनाटा', अर्थात वज्रधारी. या नावाची लिजन रोमन सैन्यात खरोखर होती. तिच्यात दहा कोहॉर्ट (उपतुकड्या) असत, कादंबरीत पाचच उरले आहेत, आणि ही घट वाचकाला इतिहासाची झीज न सांगता दाखवते. पण खरा फरक वेगळा आहे. ग्रीक शिबिरात मुले उन्हाळ्यापुरती येतात आणि मोठे होईपर्यंत जगतील की नाही याची खात्री नसते. रोमन शिबिराला लागून एक नगर आहे, तिथे निवृत्त सैनिक संसार करतात, नातवंडे वाढवतात.

कारण रोमची मूळ कथाच वेगळी आहे. ईनियास हाही अर्धदेव, व्हीनसचा मुलगा. पण तो पित्याला शोधत नाही. जळत्या ट्रॉयमधून तो म्हाताऱ्या अँकायसिसला खांद्यावर घेऊन आणि लहान मुलाचा हात धरून बाहेर पडतो. ग्रीक मुलगा पित्याचा शोध घेतो, रोमन मुलगा पित्याला वाहून नेतो. २०११ सालच्या कादंबरीत पर्सी रोमन शिबिराच्या दाराशी पोहोचतो, तेव्हा त्याला एका म्हातारीला उचलून नदीपार न्यावे लागते आणि ती जुनो (रोमनांची हेरा) निघते. मूळ ग्रीक कथेतील जेसननेही हेराला असेच नदीपार नेले होते, म्हणून वाचक तो संदर्भ लगेच ओळखतात. मला तिथे ईनियासही दिसतो. खांद्यावर थोरांचे ओझे घेतल्याशिवाय त्या नगरात प्रवेश नाही.

एक तक्रारही नोंदवतो. रोमनांनी अथीनाचे महत्त्व कमी करून तिला केवळ कलाकुसरीची मिनर्व्हा केले, असे या मालिकेत ठसवले आहे आणि अथीना पार्थेनॉसच्या मूर्तीचा सगळा शोध त्यावर उभा आहे. फिडियसने घडवलेल्या, सुमारे १२ मीटर उंचीच्या, सोने आणि हस्तिदंताच्या त्या मूर्तीसाठी ॲनाबेथने एकटीने केलेला प्रवास अप्रतिम आहे. परंतु मिनर्व्हा ही रोममधील कॅपिटोलाइन टेकडीवर ज्युपिटर आणि जुनो यांच्या शेजारी पुजली जाणारी तिसरी देवता होती, आणि ट्रॉयहून आणली असे मानलेली अथीनाची मूर्ती, पॅलेडियम, रोमनांनी व्हेस्टाच्या मंदिरात जिवापाड जपली होती. कथेच्या सोयीसाठी रोमवर हा अन्याय झाला आहे.

दीपस्तंभ

मध्यान्ह, मिनर्व्हाची दुरुस्ती अगदी रास्त. एक विचारतो, ईनियास स्वतः पिता म्हणून कसा आहे?

मध्यान्ह

ईनियासची कथा सांगणाऱ्या व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या बाराव्या आणि शेवटच्या सर्गात त्याचे उत्तर आहे. शेवटच्या लढाईला निघताना ईनियास पूर्ण चिलखत घालून उभा आहे. तो मुलाला मिठी मारतो, शिरस्त्राणाच्या फटीतून त्याचे ओझरते चुंबन घेतो आणि सांगतो, की शौर्य आणि कष्ट माझ्याकडून शीक, दैव मात्र इतरांकडून. वडील समोर आहेत, बोलतही आहेत, आणि तरी मुलाला त्यांचा चेहरा नीट दिसत नाही. दुसऱ्या मालिकेत युद्धदेव मार्स रोमन शिबिरातील फ्रँकला सर्वांसमोर आपला मुलगा म्हणतो तेव्हा त्याला एक भाला देतो, ज्याची जादू तीनदाच चालते. फ्रँकला मार्स नको होता, तो अपोलोची वाट पाहत होता. तो भाला हातात धरून उभ्या असलेल्या मुलाच्या जागी मला प्रत्येक वेळी ईनियासचा लहानगा ॲस्केनियस दिसतो.